चोपडी, पोस्टकार्ड आणि कोश

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

'आलमआरा' हा आपला पहिला बोलपट. १४ मार्च १९३१ रोजी तो मुंबईच्या मॅजेस्टिक टॉकीजमध्ये लागला. अर्देशिर इराणी त्याचे निर्माते-दिग्दर्शक. आज या चित्रपटाची एकही प्रत उपलब्ध नाही. त्यातल्या गाण्यांच्या तबकड्याही निघाल्या नव्हत्या. म्हणजे हा चित्रपट पाहता येत नाही आणि ऐकताही येत नाही. तरीसुद्धा त्यात सात गाणी होती आणि ती कोणती, हे आज कुणीही सांगू शकतो. हे कशामुळे शक्य झाले? तर कागदामुळे. आणि तो कागद जपणाऱ्या, त्यावरून वह्या भरणाऱ्या चाहत्यांमुळे.

श्रोतेहो, चित्रपटाचा इतिहास म्हटला की आपल्याला नट-नट्या आठवतात, दिग्दर्शक आठवतात. फार तर संगीतकार आठवतात. पण प्रेक्षकांनी आपल्या हौसेने, पदरमोड करून जो इतिहास लिहून ठेवला, त्याची आठवण क्वचितच काढली जाते. मी आज त्याविषयी बोलणार आहे. मी कवी आहे, इतिहासकार नाही. त्यामुळे माझे लक्ष दोन गोष्टींकडे जाते. कागदावर मजकूर मांडला कसा आहे, आणि त्याची भाषा कोणती आहे. या दोन गोष्टी नीट पाहिल्या, तर त्या कागदामागचा माणूस दिसू लागतो.

सुरुवात गाण्याच्या चोपडीपासून करू. ही चोपडी काही चाहत्यांनी केलेली नव्हे, ती चित्रपट कंपनीच छापून घेत असे. पण चाहत्यांच्या सगळ्या पुढच्या उद्योगाचे मूळ तिच्यात आहे. चित्रपटगृहाच्या दारात किंवा मध्यंतरात फेरीवाले ती विकत. सुरुवातीच्या काळात किंमत आणा-दोन आणे. चार, आठ, फार तर सोळा पाने. वेष्टनावर रंगीत चित्र आणि ठसठशीत अक्षरांत चित्रपटाचे नाव, आत मात्र साधा, खरखरीत कागद आणि एकाच शाईची छपाई. वेष्टनाचा थाट लग्नाच्या शालूचा आणि आतले पान घरच्या लुगड्याचे! पण खरा ऐवज आतच असे. आधी कलावंतांची आणि तंत्रज्ञांची यादी, मग कथासार, मग गाणी.

कथासाराची भाषा ही एक स्वतंत्र जातच होती. विशेषणांची नुसती रेलचेल. नायिका म्हणजे गरीब पण स्वाभिमानी, खलनायक पाषाणहृदयी, नियतीचा खेळ तर ठरलेलाच. गोष्ट ऐन रंगात आली की प्रश्नांची सरबत्ती सुरू व्हायची. तिला न्याय मिळाला का? दुरावलेले बापलेक भेटले का? आणि शेवटी ती ठरीव ओळ, की या प्रश्नांची उत्तरे रुपेरी पडद्यावरच पाहा. आज आपल्याला या भाषेचे हसू येते. पण तिच्यामागे हिशेब होता. चोपडी हातोहात फिरायची. शेजारी, पाहुणे, गावाकडचे नातेवाईक ती वाचायचे. ज्याने चित्रपट पाहिला नाही, त्याला तो पाहायला लावणे हे कथासाराचे काम. म्हणून शेवट कधीच सांगायचा नाही.

या चोपडीच्या रचनेतली सगळ्यात विलक्षण गोष्ट म्हणजे लिप्या. हिंदी चित्रपटाच्या जुन्या चोपडीत एकाच गोष्टीचे सार रोमन लिपीत इंग्रजीतून, देवनागरीत आणि उर्दूत असे. कधी कधी गुजरातीतही. गाणी निदान दोन लिप्यांत. देवनागरी मजकूर शिशाच्या खिळ्यांनी जुळवलेला असायचा. उर्दूचे तसे नव्हते. नस्तालिक अक्षर एकमेकांत गुंतत, उतरत जाते. ते खिळ्यांत बसवणे फार अवघड. संगणक येईपर्यंत उर्दूची पुस्तके, वर्तमानपत्रे कातिब म्हणजे सुलेखनकार हाताने लिहीत आणि त्यावरून छपाई होई. चोपडीतही तसेच. म्हणजे एकाच घडीत एका पानावर यंत्राचे अक्षर आणि दुसऱ्यावर माणसाच्या हाताचे वळण.

आमच्या घरी अब्बांनी पत्र्याच्या पेटीत अशा काही चोपड्या ठेवल्या होत्या. अब्बांची शाळा उर्दूतली आणि माझी मराठी. घरात बोली दखनी. संध्याकाळी अब्बा चोपडीचे उर्दू पान धरून एक ओळ म्हणायचे आणि मी देवनागरी पानावर ती शोधायचो. शब्द तेच, पण त्यांचे बोट उजवीकडून डावीकडे सरकायचे आणि माझे डावीकडून उजवीकडे. कधी कधी माझ्या पानावर शब्द चुकलेला असायचा. मग अब्बा सांगायचे, की हा 'ज' नव्हे, 'जरा'मधला 'ज' म्हण. मराठी मुलाला हे सांगावे लागत नाही. आपल्या भाषेत दोन्ही 'ज' आहेत, आपण खाली टिंब देत नाही एवढेच. उर्दू कविता आपल्या मराठीपासून फार दूर नाही, हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवले नाही. ते या चोपडीने शिकवले.

पुढे उर्दू पान आक्रसत गेले. आधी कथासार गेले, मग गाणी गेली. वेष्टनावर चित्रपटाचे नाव तेवढे उरले आणि काही चित्रपटांवरून तेही गेले. यात कुणा एकाचा दोष काढण्यात अर्थ नाही. उर्दू वाचणारे गिऱ्हाईक कमी होत गेले आणि जास्तीचे पान छापायला पैसा लागतो. पण मी या चोपड्या सालवार लावून पाहतो तेव्हा मला वाटते, की देशातला एक वाचक हळूहळू उठून गेला, त्याची ही नोंद आहे. भाषणांत, ठरावांत ती सापडणार नाही. दोन आण्याच्या कागदावर सापडते.

आता पोस्टकार्डाकडे येऊ. १९५२ साली बी. व्ही. केसकर माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. चित्रपटगीतांविषयी त्यांचे मत फारसे बरे नव्हते. गाण्याबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे फुकटची जाहिरात, म्हणून ते सांगायचे नाही, अशी आकाशवाणीची भूमिका होती. त्यावरून निर्मात्यांशी वाद झाला आणि चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ दिसेनाशी झाली. ती जागा रेडिओ सिलोनने घेतली. ३ डिसेंबर १९५२ रोजी 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. आकाशवाणीनेही पुढे, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू केली आणि चित्रपटगीते घरी परत आली.

गीतमालेचे निवेदक अमीन सायानी. २० फेब्रुवारी २०२४ रोजी ते गेले. पहिल्या कार्यक्रमाला पन्नासएक पत्रे येतील अशी अपेक्षा होती आणि आली नऊ हजार, ही आठवण ते नेहमी सांगत. ही पत्रे लिहिणारे कोण होते? झुमरी तिलैया हे तेव्हाच्या बिहारमधले, आता झारखंडमधले अभ्रकाच्या खाणींचे गाव. केवळ पत्रांमुळे ते देशभर माहीत झाले. गावोगावी श्रोता संघ निघाले. त्यांनी आपल्या नावाचे शिक्के करून घेतले, काहींनी कागदही छापून घेतले.

या पोस्टकार्डाची रचना पाहा. जागा हाताच्या पंजाएवढी. त्यात गाणे, चित्रपट, गायक ही माहिती एका ओळीत आटपायची. उरलेल्या जागेत नावे! स्वतःचे, भावंडांचे, मित्रांचे, आळीतल्या सगळ्यांचे. काहींनी आपल्या नावापुढे उर्दू शायरासारखे टोपणनाव लावलेले. फर्माईश हे निमित्त, खरी ओढ आपले नाव ऐकण्याची. शहरातल्या माणसाला हे पोरकट वाटेल. पण ज्याचे नाव शाळेच्या हजेरीपटाबाहेर आणि रेशनकार्डाबाहेर कुठेच लिहिले जात नाही, त्याचे नाव समुद्रापलीकडून हवेतून येते, ही गोष्ट लहान नाही.

आणि ही पत्रे निव्वळ नावे ऐकण्यापुरती नव्हती. १९४९ सालचा 'महल' आठवा. त्यातल्या त्या गूढ, दुरून जवळ येणाऱ्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचे नाव छापले होते 'कामिनी'. कामिनी हे मधुबालाच्या भूमिकेचे नाव. तबकडीवर पात्राचे नाव छापण्याची तेव्हा पद्धत होती. गाणे रेडिओवर लागले आणि गाणारी कोण, असे विचारणारी पत्रे येऊ लागली. इतकी, की कंपनीकडून नाव मागवून ते जाहीर करावे लागले. ते नाव होते लता मंगेशकर. साध्या श्रोत्यांनी एक प्रश्न विचारला आणि गाण्याच्या मागे उभी असलेली व्यक्ती पुढे आली.

अमीन सायानींच्या भाषेबद्दलही बोलायला हवे, कारण लाखो श्रोत्यांच्या पत्रांना तिनेच वळण लावले. ती संस्कृतप्रचुर हिंदी नव्हती की अवघड उर्दू नव्हती. ती हिंदुस्तानी होती. तिचे मूळ त्यांच्या घरात आहे. त्यांच्या आई कुलसुम सायानी या प्रौढशिक्षणाचे काम करणाऱ्या. १९४० ते १९६० अशी वीस वर्षे त्यांनी 'रहबर' नावाचे पाक्षिक चालवले. नव्याने वाचायला शिकलेल्यांसाठी, सोप्या हिंदुस्तानीत, आणि देवनागरी, उर्दू व गुजराती अशा तीन लिप्यांत. गांधीजींच्या प्रेरणेचे हे काम. लहान अमीन आईला त्यात मदत करीत. म्हणजे चित्रपटाची चोपडी गल्ल्यासाठी जे करीत होती, तेच एक आई ध्येयासाठी करीत होती. भाषा एक, लिप्या तीन. आणि त्या घरातला आवाज रेडिओवर आला तेव्हा लिपीची भिंतच उरली नाही. कानाला लिपी नसते.

तिसरा कागद कोशाचा. कानपूरचे हरमंदिर सिंह 'हमराज' हे असेच रेडिओचे वेडे श्रोते. त्यांनी 'हिंदी फिल्म गीत कोश' सिद्ध केला. १९३१ पासूनची हिंदी चित्रपटगीते, एकेका दशकाला एक खंड. खंड क्रमाने निघाले नाहीत. सर्वांत आधी, १९८० साली, १९५१ ते १९६० या दशकाचा खंड आला आणि सुरुवातीच्या १९३१ ते १९४० या दशकाचा खंड त्यानंतर काही वर्षांनी. साहजिकच आहे. जितके मागे जावे तितका कागद विरळ. कुणा विद्यापीठाचा हा प्रकल्प नव्हता. चोपड्या, तबकड्या, वर्तमानपत्रांतल्या जाहिराती आणि गावोगावच्या संग्राहकांची पत्रे, एवढ्या भांडवलावर ते उभे राहिले. चाहत्यांना जोडून ठेवण्यासाठी 'लिस्नर्स बुलेटिन' नावाचे पत्रकही त्यांनी चालवले.

मला या माणसाचे नावच फार आवडते. शीख घरातला, कानपूरचा माणूस, टोपणनाव 'हमराज', म्हणजे गुपिताचा भागीदार, हा फारसी-उर्दू शब्द. आणि काम केले देवनागरीत. चोपडीतली तीन पाने वेगळी झाली खरी, पण अशा माणसांच्या नावांत ती एकत्र राहिली.

कोशाची मांडणी अगदी रुक्ष आहे. साल, त्याखाली अकारविल्हे चित्रपट. चित्रपटाखाली निर्मितीसंस्था, दिग्दर्शक, संगीतकार, गीतकार, कलाकार. मग गाण्यांचे मुखडे, गायकांची नावे आणि तबकडीचा क्रमांक. संपले. यात विशेषण नाही. 'अजरामर' नाही, 'सुमधुर' नाही. चोपडीने जी विशेषणे उधळली आणि पोस्टकार्डाने जो लाड केला, त्याचा इथे मागमूस नाही. आपल्या आवडत्या गायकाच्या नावाला आणि कधी न ऐकलेल्या गायिकेच्या नावाला एकाच मापाचे अक्षर. चाहत्याने लिहिलेल्या पुस्तकात चाहता कुठेच दिसत नाही. मला वाटते, हे प्रेमाचे शेवटचे टोक आहे. आपल्या माणसाबद्दल खरे तेवढेच सांगायचे, जास्त नाही.

याचा उपयोग काय, असे कुणी विचारील. एक उदाहरण देतो. १९७४ साली गिनेस बुकात नोंद आली, की लता मंगेशकर यांनी १९४८ पासून २५,००० गाणी ध्वनिमुद्रित केली. मोहम्मद रफी यांनी त्यावर हरकत घेतली, त्यांच्या बाजूने २८,००० चा आकडा पुढे आला. चाहत्यांचे दोन तट पडले. आता साधा हिशेब करू. २६ वर्षांत २५,००० म्हणजे वर्षाला ९६० च्या वर, म्हणजे एकही दिवस सुट्टी न घेता रोज अडीचपेक्षा जास्त गाणी. त्या काळात हिंदी चित्रपट वर्षाला साधारण शंभर-सव्वाशे निघत. चित्रपटाला सात गाणी धरली तरी सगळ्या गायकांची मिळून वर्षाची गाणी आठशेच्या घरात जातात! इतर भाषांतली गाणी, खासगी गीते, भजने धरली तरी आकडा जुळत नाही. ज्यांनी एकेक गाणे मोजले, त्यांना लताबाईंची आणि रफीसाहेबांचीही हिंदी चित्रपटगीते पाच हजारांच्या आसपास आढळली. यथावकाश गिनेसने ती जुनी नोंद काढली. २०११ साली त्यांनी आशा भोसले यांच्या नावाने नोंद केली, ती ११,००० पर्यंतच्या गाण्यांची.

म्हणजे मोठ्या आकड्याची हवा काढली ती कुणी? शत्रूंनी नव्हे, चाहत्यांनीच. ज्यांचे त्या आवाजांवर जिवापाड प्रेम होते, त्यांनीच बसून मोजले. पाच हजार गाणी ही काय थोडी आहेत? थोरपणाला पंचवीस हजारांची गरज नव्हती. आपल्या समाजात आवडत्या माणसाचा आकडा फुगवणे म्हणजे भक्ती आणि तो तपासणे म्हणजे द्रोह, असे समजण्याची खोड आहे. या कोशकारांनी दाखवून दिले, की तपासणे हीसुद्धा भक्तीच आहे.

कवी म्हणून माझा जीव अडकतो तो आणखी एका रकान्यात, गीतकाराच्या. रेडिओवर बराच काळ गायकाचे नाव सांगत, लिहिणाऱ्याचे नाही. ते सांगितले जाऊ लागले याचे श्रेय साहिर लुधियानवींच्या आग्रहाला दिले जाते. पण चोपडीत गीतकाराचे नाव बहुधा असायचेच, कारण तिथे शब्द छापलेले असत आणि छापलेल्या शब्दाला धनी लागतो.

याचे आपल्या मराठीतले उदाहरण फार बोलके आहे. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ सालचा. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. दिग्दर्शक दामले-फत्तेलाल. त्यातले शेख फत्तेलाल ऊर्फ साहेबमामा हे कागलकडचे, कोल्हापूरच्या चित्रकारांच्या तालमीत तयार झालेले कलावंत. तुकोबा आपल्यापुढे ज्या देहूत उभे राहिले, त्या देहूचे घर, अंगण, देऊळ सजवणारा हात एका मुसलमान कलावंताचा होता, हे मी अभिमानाने सांगतो. याच चित्रपटातला एक अभंग शांताराम आठवले यांनी लिहिला आहे. तो इतका तुकोबांच्या वळणाचा आहे, की जाणकारसुद्धा तो गाथेत शोधू लागले. आज कीर्तनात, भजनात तो तुकोबांचा म्हणून गायला जाताना मी ऐकला आहे. कवीला याहून मोठी दाद कोणती? पण कवीचे नाव पुसले जाण्याची वाटही हीच. आठवल्यांचे नाव टिकले ते श्रेयनामावलीमुळे आणि ती जपणाऱ्या कागदामुळे.

मराठी चित्रपटाच्या अशा नोंदी ज्यांनी आयुष्यभर सांभाळल्या, त्यांत कोल्हापूरच्या इसाक मुजावरांचे नाव घ्यावेच लागेल. २०१५ साली ते गेले. मराठी चित्रपटाविषयी मराठीतून त्यांनी किती लिहिले, ते मोजायलाही एखादा कोशकारच हवा. लताबाईंच्या गाण्यांची सूची करणारे मुंबईचे विश्वास नेरुरकर, मुकेश यांच्या गाण्यांचा आणि गुजराती चित्रपटगीतांचा कोश करणारे सुरतचे हरीश रघुवंशी, हे याच जातकुळीचे. एकाला दुसऱ्याची चोपडी लागे, दुसऱ्याला तिसऱ्याची तबकडी. धर्म, प्रांत, भाषा यांच्या पलीकडची ही देवघेव टपालाच्या तिकिटावर चालत असे.

१९८० नंतर कॅसेटी घरोघर आल्या, शब्द ऐकून पाठ होऊ लागले आणि चोपडीची गरज संपत गेली. आता गाणे हातातल्या यंत्रावर क्षणात मिळते. मिळते, पण बरेचदा गीतकाराच्या नावाशिवाय, कधी चुकीच्या सालासह, कधी दुसऱ्याच चित्रपटाच्या नावाने. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले. तिथे चोपड्या, पोस्टर जपली गेली हे आपले भाग्य. पण सगळाच कागद तिथे पोचलेला नाही. तो अजून माळ्यावर आहे, जुन्या पेटीत आहे, आजोबांच्या वहीत आहे.

म्हणून एक विनंती. दिवाळीची साफसफाई करताना चित्रपटाची जुनी चोपडी, वर्तमानपत्राचे कात्रण किंवा कुणाच्या हस्ताक्षरातली गाण्यांची वही सापडली, तर ती रद्दीवाल्याच्या तराजूत टाकण्याआधी एकदा उघडा. गाणी लिहिणाऱ्याचे नाव कुठे आहे ते पाहा. वहीवर साल नसेल आणि घरात सांगणारे कुणी असेल, तर विचारून पेन्सिलीने साल घाला, ती वही कुणाची होती तेही लिहा. उर्दू पान असेल तर ते वाचता येत नाही म्हणून फाडू नका. आपल्या गल्लीत, शेजारच्या मोहल्ल्यात ते वाचून दाखवणारे एखादे म्हातारे माणूस अजून असेल. त्याच्याजवळ बसा आणि तुमच्या पानावर तीच ओळ शोधा. कोशात अजून कितीतरी गाण्यांपुढे गायकाची जागा रिकामी आहे. त्यातली एखादी कदाचित तुमच्याच माळ्यावरच्या कागदाने भरेल.